अंतेवासी, सुईण आणि दाखला : वऱ्हाडांतील शुश्रूषाशिक्षणाचा एक विचार

प्रस्तुत लेखास निमित्त झालेला कागद ताम्रपट नव्हे, कीं राजपत्रही नव्हे. अमरावती जिल्ह्यांतील नांदगांव खंडेश्वर तालुक्यांत हस्तलिखित पोथ्यांचा शोध घेत असतां एका कुटुंबाच्या लाकडी पेटींत, एका खंडित पोथीच्या रुमालाखालीं, आम्हांस एका सुईणीचा दाखला आढळला. नमुना छापील आहे. नांव, गांव व मुदत हीं शाईनें भरलेलीं आहेत. घडीवर कागद फाटल्यामुळें त्यास मागून पातळ पट्टी लाविली आहे. सदर सुईणीनें तीस दिवसांचें प्रशिक्षण पुरें केलें, इतकाच त्याचा मजकूर. ती बाई आज हयात नाहीं, आणि कुटुंबाच्या इच्छेस अनुसरून तिचें नांव आम्ही येथें देत नाहीं. दाखल्यासोबत तिला सरकारांतून मिळालेली ॲल्युमिनियमची पेटीही घरांत आहे. तींत सध्यां तिचा नातू खिळे व पाने ठेवितो. पोथी पाहावयास आलेले गृहस्थ हा कागद इतका वेळ हातीं धरून कां बसले, याचें त्या घरास मोठें नवल वाटलें.

आमच्या वाचकांसही तसें नवल वाटण्याचा संभव आहे. नांदगांव म्हटलें कीं संशोधकास आठवतें तें खंडेश्वराचें हेमाडपंती देवालय व तेथील यादवकालीन लेख; फार तर याच तालुक्यांतील पापळ हें डॉ. पंजाबराव देशमुख यांचें १८९८ सालचें जन्मस्थान. सुईणीच्या कागदास कोणी इतिहासाचें साधन मानीत नाहीं. परंतु त्या कागदाच्या मागें एक जुना प्रश्न उभा आहे, व तो आमच्या धर्मशास्त्रकारांनीं विचारलेला आहे : दुसऱ्याच्या पदरीं राहून, त्याच्या अन्नावर, जो विद्या शिकतो, त्याच्या विद्येचें फळ कोणाचें? त्यास आम्ही एक पोटप्रश्न जोडतों : ती विद्या त्यास येते याचा पुरावा कोणाच्या हातीं? रोग्याची सेवा करणाऱ्या माणसाच्या बाबतींत या दोन प्रश्नांचीं उत्तरें कशीं बदलत गेलीं, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम वैद्यकग्रंथ पाहूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील नवव्या अध्यायांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचर व रोगी. परिचराचे गुण चार : उपचारज्ञता, दाक्ष्य, धन्याविषयीं अनुराग आणि शौच. पंधराव्या अध्यायांत तर, राजास किंवा श्रीमंतास वमन-विरेचन देण्यापूर्वीं घर कसें सज्ज करावें हें सांगतांना, पेज-भात रांधणारे, स्नान घालणारे, अंग रगडणारे, उठविणारे, बसविणारे, निजविणारे व औषधें कुटणारे असे निरनिराळे सेवक जमवावे असें सांगितलें आहे. मन रमविण्यासाठीं गाणारे व कथा सांगणारेही आहेतच. सुश्रुताचा परिचर ममताळू, किळस न करणारा, बळकट, न थकणारा व वैद्याच्या शब्दाबाहेर न जाणारा आहे. त्याच आचार्यानें शारीरस्थानांत प्रसूतीच्या वेळीं जवळ असाव्यात अशा चार स्त्रियांचें वर्णन केलें आहे. त्या वयानें पोक्त, प्रसवकर्मांत निपुण व नखें काढलेल्या असाव्यात. या नखांचा उल्लेख वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडेल. कौटिल्यानेंही सैन्याच्या पिछाडीस शस्त्रें, तेल व पट्ट्या घेतलेल्या चिकित्सकांबरोबर अन्नपाणी सांभाळणाऱ्या स्त्रिया ठेविल्या आहेत.

या सर्व वचनांत परिचर कसा असावा हें आहे. तो तसा झाला कसा, हें कोठेंच नाहीं. वैद्याच्या शिक्षणास चरक-सुश्रुतांनीं स्वतंत्र अध्याय दिले. परिचराचें शिक्षण मात्र त्यांनीं गृहीत धरलें. हें उत्तर शोधावयाचें तर वैद्यकग्रंथ मिटून स्मृतिग्रंथ उघडले पाहिजेत.

व्यवहारपदांपैकीं एकाचें नांव ‘अभ्युपेत्याशुश्रूषा’ असें आहे. म्हणजे सेवा पतकरून ती न करणें. ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. शिष्य गुरूचें ऐकतो म्हणून तो शुश्रूषु, त्यावरून सेवा, आणि सेवेवरून रोग्याची सेवा, असा हा शब्द उतरत आला. नारदानें शुश्रूषकांचे पांच वर्ग केले, त्यांत शिष्य व भृतक यांच्या मध्यें ‘अंतेवासी’ ठेविला आहे. धंदा शिकण्यासाठीं जो आचार्याच्या घरीं राहतो तो अंतेवासी. आचार्यानें त्यास आपल्या घरीं जेवूं घालून शिकवावें, शिकावयाच्या कामाहून अन्य काम त्याजकडून करवूं नये व त्यास पुत्राप्रमाणें वागवावें, असा नारदाचा दंडक आहे. याज्ञवल्क्य अधिक रोखठोक : कसब आधींच हातीं आलें तरी ठरलेली मुदत अंतेवास्यानें गुरुगृहींच काढावी, आणि तेथें अन्न खातो त्या अर्थीं कामाचें फळ गुरूस द्यावें. यावर मिताक्षराकार विज्ञानेश्वरानें दिलेलें उदाहरण आमच्या विषयास फारच जवळचें आहे. आयुर्वेदादि शिल्प शिकण्यासाठीं चार वर्षें तुझ्या घरीं राहीन असें ज्यानें कबूल केलें, त्यानें तें चार वर्षांच्या आंत साधलें तरी चार वर्षें भरून द्यावीं, असा त्याचा अर्थ. आयुर्वेदाची गणना येथें शिल्पांत केली आहे, हेंही वैद्यबंधूंनीं पाहण्याजोगें आहे.

हा करार चांगला कीं वाईट? आमच्या मतें तो निष्ठुर नाहीं. अन्न गुरूचें, मुदत दोघांस ठाऊक, मुदतींतलें फळ गुरूचें, मुदतीनंतरचें शिष्याचें. त्यांत दाखला नाहीं, कारण दाखल्याची गरज नव्हती. अमक्याच्या घरीं चार वर्षें राहिला हें गांवच जाणत असे. पेशवाईंत व पुढें इंग्रजी कचेऱ्यांत जी ‘उमेदवारी’ दिसते ती याच करारांतून अन्न व मुदत काढून घेतल्यावर उरलेला सांगाडा होय : उमेदवार बिनपगारी राबे, आणि जागा केव्हां रिकामी होईल तें कोणीच सांगूं शकत नसे.

आतां शब्दांकडे पाहूं. ‘सुईण’ हा शब्द ‘सू’ धातूच्या घराण्यांतला आहे. ‘दाई’ फारसीकडून आली. ‘आया’ व ‘इस्पितळ’ हे पोर्तुगीजांचे, आणि ‘नर्स’ व ‘सिस्टर’ या इंग्रजांच्या. रोग्याजवळ बसणाऱ्या बाईस आम्हीं चार भाषांतून नांवें आणिलीं, परंतु तिच्या शिक्षणाचा उल्लेख आमच्या दप्तरांत शोधूनही सांपडणें कठीण.

तो उल्लेख सांपडूं लागतो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळांत १८६० मध्यें फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिच्या निधींतून जी शाळा निघाली, तिचे नियम वाचले असतां मिताक्षरेची आठवण होते : वर्षभर शिक्षण, राहणें-जेवण व गणवेष शाळेचा, वर्षास दहा पौंड हातखर्च, आणि पुढें कांहीं वर्षें निधि पाठवील तेथें नोकरी. समुद्रापलीकडे तोच अंतेवासी! दाखल्याच्या बाबतींतही नाइटिंगेलबाईंचें मत प्राचीनांसारखेंच होतें. परिचारिकांची सरकारी यादी करण्यास त्यांनीं कसून विरोध केला. परीक्षेनें स्मरणशक्ति कळते, स्वभाव कळत नाहीं, असा त्यांचा आशय. चरकाचा ‘अनुराग’ कागदावर मोजतां येत नाहीं, हें त्यांस संस्कृत न शिकतांच उमगलें होतें. तथापि कागदाचा पक्ष जिंकला, व १९१९ मध्यें इंग्लंडांत नोंदणीचा कायदा झाला.

आमच्याकडे १८८५ मध्यें लेडी डफरीन हिच्या नांवाचा फंड निघाला. हिंदी स्त्रियांस स्त्री-वैद्य, परिचारिका व सुइणी यांची मदत मिळावी हा त्याचा हेतु. मुंबईस १८८६ मध्यें कामा इस्पितळ उघडलें, व तेथें डॉ. ईडिथ पीची यांच्या देखरेखीखालीं परिचारिकांचें शिक्षण सुरू झालें. वऱ्हाड त्या वेळीं ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ या नांवानें रेसिडेंटाच्या कारभारांत होता. १९०३ मध्यें तो मध्यप्रांतास जोडला गेला. त्यामुळें येथील दवाखान्यांचीं जुनीं दप्तरें हैदराबाद व नागपूर अशीं विखुरलीं आहेत. नांवें मात्र लोकांच्या जिभेवर टिकलीं. अमरावतीच्या स्त्री-रुग्णालयास लोक ‘डफरीन’ म्हणतात, सामान्य रुग्णालयास ‘इर्विन’, आणि अकोल्याच्या स्त्री-रुग्णालयास ‘लेडी हार्डिंग’. व्हाइसरॉय गेले, त्यांच्या बायका गेल्या. नांदगांवची बाळंतीण अजून डफरीनलाच जाते.

इस्पितळांत येणाऱ्या मुली थोड्या, आणि खेड्यांतील प्रसूति तर सर्वस्वी सुईणीच्या हातीं. म्हणून १९०३ मध्यें लेडी कर्झन हिनें व्हिक्टोरिया स्मारक निधि उभारला, तो परंपरागत सुइणींना शिकविण्यासाठीं. या निधीच्या कामाचा वृत्तांत १९१८ मध्यें छापून निघाला. त्यावरून दिसतें कीं यश तुटक आलें. सुइणी वर्गास येईनात, आल्या तरी टिकेनात. गोऱ्या लेखकांनीं याचा दोष बहुधा सुइणींच्या अडाणीपणाकडे दिला. आम्हांस तो पटत नाहीं. सुईणीचें उत्पन्न म्हणजे कोठें पायलीभर ज्वारी, कोठें लुगडें, कोठें खण-नारळ. तेंही बोलावणें आलें त्या घटकेस हजर असेल तर. वर्गांत बसलेल्या दिवशीं बोलावणें चुकलें तर तें घर दुसरीकडे जाई. तिला शिकविणारा एक आणि तिला पोसणारा दुसरा, हा या योजनेंतला मूळ दोष होता. अंतेवासी ज्याच्याकडे शिके त्याच्याच घरीं जेवी. सुईण सरकाराकडे शिके व यजमानाच्या घरीं जेवी. तिला घरोघर बोलावणारा पण शिवून न घेणारा जो समाज, त्याचा वांटा तर त्या वृत्तांताच्या हिशेबांत आणखी कमी येतो.

जेथें शिकविणारा व पोसणारा एकच होता तेथें काम चाललें. पुण्याच्या सेवासदनाची स्थापना १९०९ मध्यें झाली. रमाबाई रानडे यांच्या आश्रयाखालीं तेथील विद्यार्थिनी ससून इस्पितळांत परिचारिकेचें काम शिकल्या, व त्यासाठीं त्यांनीं लोकांचा उपहासही सोसला. वाशीम हें गांव १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यांत मोडत असे. तेथें अमेरिकन मिशनच्या डॉ. ऑर्फा स्पायशर यांनीं १९३८ मध्यें रेनॉल्ड्स स्मारक इस्पितळ उघडलें, व पुढें त्याला जोडूनच परिचारिकांची शाळा चालली.

परंतु विदर्भापुरतें बोलावयाचें तर या प्रकरणाचा नायक एकच, आणि ती नायिका आहे. कमलाबाई होस्पेट यांचा जन्म १८९६ चा. बालवयांत वैधव्य आलें. त्या काळीं ब्राह्मण विधवेनें परक्याच्या मलमूत्रास हात लावणें म्हणजे जात व घर दोन्ही पणास लावणें होय. तरी त्यांनीं नागपूरच्या डफरीन इस्पितळांत परिचारिकेचें शिक्षण घेतलें. शिकतांना तेथें हिंदी मुलींना मिळणारी दुय्यम वागणूक त्यांस खुपली. सामान्य अंतेवासी मुदत भरून निघून जातो, व बहुधा त्याच धन्याकडे नोकरीस राहतो. कमलाबाईंनीं मुदत भरली आणि १९२१ मध्यें वेणूताई नेने यांच्यासह नागपूरच्या सीताबर्डी भागांत चार खाटांचें प्रसूतिगृह काढलें. तेंच मातृसेवा संघ या संस्थेचें मूळ. या प्रसूतिगृहांत बाळंतपणें होत, तशाच परित्यक्ता, विधवा व गरीब मुली तेथें राहून, तेथेंच जेवून, हें काम शिकत. संस्थेच्या शाखा पुढें विदर्भांत इतरत्र पसरल्या. १९६१ मध्यें कमलाबाईंना पद्मश्री मिळाली. १९८१ मध्यें त्या निवर्तल्या.

या चरित्राकडे समाजसेवेचें चरित्र म्हणूनच पाहण्याची रूढि आहे. आम्हांस त्यांत दुसरें कांहीं दिसतें. शिकलेल्या विद्येचें फळ धन्याच्या घरांतून उचलून आपल्या घरीं नेणें, आणि आपण धनी झाल्यावर पुढच्या अंतेवासिनींस जेवूं घालणें, हें येथें एका विधवेनें करून दाखविलें. नारदाचा दंडक पाळणारे आचार्य व्हाइसरॉयच्या फंडांत शोधण्यापेक्षां सीताबर्डींत शोधावे.

याच सुमारास कागदाचें राज्य पक्कें होत होतें. मुंबई इलाख्यांत परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्यें झाला व मध्यप्रांताचा १९३६ मध्यें. भोर समितीनें १९४६ मध्यें अहवाल दिला, तेव्हां देशांत त्रेचाळीस हजार माणसांमागें एक परिचारिका होती. १९४७ मध्यें भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. लोकसंख्येच्या मानानें पूर्ण शिकलेल्या परिचारिका पुरणार नाहींत म्हणून १९५१ च्या सुमारास सहायक परिचारिका-प्रसाविकांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम निघाला. १९७७ मध्यें तो अठरा महिन्यांवर आला, व पुढें पुन्हां दोन वर्षांचा झाला. खेड्यांत या बाईस ‘नर्सबाई’ म्हणतात. ती सरकारची शिष्या, सरकारची नोकर, आणि दाखलाही सरकारचा. म्हणून तिची स्थिति सुईणीसारखी अधांतरीं राहिली नाहीं.

आमच्या हातीं आलेला दाखला १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेंतला आहे. त्या योजनेचा तपशील देण्यासारखा आहे. शिक्षण कामाचे तीस दिवस. आठवड्यांतून दोन दिवस प्राथमिक आरोग्य केंद्रांत किंवा उपकेंद्रांत, व उरलेले चार दिवस नर्सबाईबरोबर गांवोगांव. मुदतींत तिच्या देखत निदान दोन बाळंतपणें केलीं पाहिजेत. मुदतीचें विद्यावेतन तीनशें रुपये. शेवटीं साहित्याची पेटी व दाखला. पुढें दर बाळंतपणामागें दहा रुपये, परंतु त्याची नोंद केंद्रांत झाली असेल तरच.

१९०३ च्या निधीशीं ताडून पाहिल्यास सरकार कांहींसें शहाणें झालें होतें हें कबूल केलें पाहिजे. बुडणाऱ्या रोजगाराची भरपाई तीनशें रुपयांनीं झाली. वर्ग तिच्याच मुलखांत आला. शिकविलें काय, तर मुख्यतः स्वच्छता : हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पातें स्वच्छ, नाळ बांधण्याचा दोरा स्वच्छ व नाळेचें टोंक स्वच्छ. सुश्रुताच्या चार स्त्रियांचीं काढलेलीं नखें येथें पुन्हां दिसतात. मधल्या शतकांत तें वचन पाठ करणारे पंडित एकीकडे, व बाळंतपण करणारे हात दुसरीकडे, अशी फाटाफूट झाली होती. या फाटाफुटीबद्दल ज्यांनीं संस्कृत पढविण्यांत हयात घालविली, त्या आमच्यासारख्यांना फारशी मान वर करून बोलतां येत नाहीं.

परंतु हा दाखला होता तरी काय? त्यानें नोकरी मिळत नसे. नोंदणीच्या यादींत नांव चढत नसे. दुसऱ्या गांवीं तो दाखवून कोणी बाळंतपणास बोलावीत नसे, कारण सुईणीस बोलावणारे कागद वाचून बोलावीत नाहींत. तरी तो तिनें पोथीच्या रुमालाखालीं, फाटल्यावर मागून पट्टी लावून जपला. २००५ मध्यें जननी सुरक्षा योजना आली, रुग्णालयांतील बाळंतपणास पैसा मिळूं लागला, व त्याच वर्षींच्या ग्रामीण आरोग्य अभियानानें ‘आशा’ ही नवी स्त्री उभी केली. तिचें आरंभींचें शिक्षण तेवीस दिवसांचें. बाळंतिणी वांचल्या हें बरेंच झालें, आणि त्याविषयीं आम्ही कुरकुर करीत नाहीं. परंतु त्या दाखल्यांचें काय करावयाचें, हें कोणत्याही परिपत्रकांत आमच्या पाहण्यांत आलें नाहीं.

आतां सांप्रतच्या स्थितीकडे. वऱ्हाडांतील खासगी इस्पितळांत रोग्यास उठविणें, पुसणें, भरविणें, भांडें देणें हीं कामें ज्या बाया करतात त्यांस सर्वजण ‘मावशी’ म्हणतात, व पुरुषांस ‘मामा’. नातें गोड आहे. तीं कामें चरकाच्या पंधराव्या अध्यायांतलींच आहेत. गाणारे व कथा सांगणारे तेवढे वजा झाले. मावशी येते तेव्हां तिला कांहीं येत नसतें. सिस्टर शिकवितात, डॉक्टर ओरडतात, आणि दोनतीन वर्षांत ती अशी तयार होते कीं रात्रपाळीस तिच्याशिवाय चालत नाहीं. हें शिक्षण पूर्णपणें धन्याच्या खर्चानें झालेलें आहे, यांत शंका नाहीं. परंतु मुदत ठरलेली नाहीं व दाखला नाहीं. ती दुसऱ्या गांवीं गेली कीं पुन्हां पहिल्या दिवसाची मावशी. विज्ञानेश्वराच्या अंतेवास्यास चार वर्षांनीं घरीं जातां येई. हिचीं चार वर्षें कधींच भरत नाहींत.

यावर तोड म्हणून सरकारनें २०१५ पासून कौशल्यविकासाच्या योजनेंत ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ या नांवाचा अभ्यासक्रम चालविला. त्याच योजनेंत आधीं काम करून शिकलेल्यांच्या ज्ञानाची परीक्षा घेऊन दाखला देण्याचीही सोय केली. करोनाच्या साथींत, जून २०२१ मध्यें, सव्वीस राज्यांतील एकशें अकरा केंद्रांतून एक लाख माणसें रोग्यांच्या सेवेसाठीं थोडक्या मुदतींत तयार करण्याचा संकल्प झाला. संकटकाळीं हात हवे झाले तेव्हां कागद लवकर निघाले, हें इतिहासास नवें नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं आधीं काम व मग परीक्षा ही जी दुसरी सोय, ती अंतेवास्याच्या जुन्या मार्गाशीं अधिक जुळते, आणि मावशीस तीच उपयोगी. नाइटिंगेलबाईंचा आक्षेप खरा असला तरी तो धनवंत घरच्या बाईचा आक्षेप होता. जिला अनुराग आहे पण दाखला नाहीं, तिला दुसऱ्या दारीं उभें राहावयाचें असतें, व तें दार तिच्या अनुरागास ओळखीत नाहीं.

असो. संग्राहकांस आमची विनंती व्यवहाराची आहे. सुईणींचे दाखले पोथ्यांच्याच पेट्यांत असण्याचा संभव असल्यानें रुमाल सोडतांना खालचा कागदही पाहावा, त्याची नक्कल घ्यावी, व कुटुंबाची संमति असल्याखेरीज नांव छापूं नये. मातृसेवा संघासारख्या संस्थांतील विद्यार्थिनींच्या जुन्या याद्या, करारनामे व जमाखर्चाच्या वह्या हीं तर प्रथम प्रतीचीं साधनें होत. परंतु सर्वांत निकड आहे ती उपकेंद्रांतील प्रसूतीच्या नोंदवह्यांची. नोंद झाल्यावांचून सुईणीस दहा रुपये मिळत नसत. त्या अर्थीं त्या नोंदींत प्रत्येक बाळापुढें तें करणाऱ्या सुईणीचें नांव असलें पाहिजे, आणि पैसे पोंचल्याबद्दल कोठेंतरी तिच्या अंगठ्याचा ठसाही. वऱ्हाडांतील सुइणींची नांवें एका ठिकाणीं सांपडण्याची जागा याहून दुसरी आम्हांस सुचत नाहीं. जुन्या वह्या रद्दींत काढण्याची पद्धत सर्वच कचेऱ्यांत आहे. नांदगांव तालुक्यांतील वह्यांपुरती चौकशी आम्हीं आरंभिली आहे. अचलपूर, मुर्तिजापूर व दर्यापूर येथील सभासदांनीं आपापल्या तालुक्यांतील वह्या कोठें आहेत एवढें तरी पावसाळ्यापूर्वीं कळवावें. त्या खोल्यांचीं छपरें आम्हीं पाहिलीं आहेत.